आधीच म्हटलेलं हो

“घंटा वाजलीच नाही, हे मी अजून किती जणांना सांगू?”

द्रुपदा मठाच्या ओट्यासमोर उभी होती. बस म्हटलं तरी बसत नव्हती.

महाराज भिंतीला पाठ लावून बसले होते. डोळे मिटलेले.

“डॉक्टरांना सांगितलं. सिस्टरला सांगितलं. तुमच्या ट्रस्टच्या माणसांना सांगितलं. सगळ्यांचं एकच पालुपद... द्रुपदे, तुझा डोळा लागला असेल. अहो, डोळा माझा. तो लागला की नाही हे मला ठाऊक नाही, आणि खुर्चीतल्या माणसांना ठाऊक?”

महाराजांचे डोळे मिटलेलेच.

“देवळातला दगड तरी बरा. निदान त्याला कान नाहीत हे आधी माहीत असतं.”

महाराजांनी डोळे उघडले.

“बोल,” ते म्हणाले. “मी ऐकतोय.”

ऐकतोय, हा शब्द द्रुपदेला लेकरू गेल्यापासून पहिल्यांदा मिळाला. तिचा आवाज एकदम खाली आला.

टेकडीवर मठ, पायथ्याला मठाचाच दवाखाना. दवाखान्याच्या फाटकाशी एक पाळणा टांगलेला आहे. ज्यांना लेकरू नको असतं, किंवा हवं असून ठेवता येत नसतं, ती माणसं अंधार धरून येतात आणि त्यात ठेवून जातात. मागे वळून बघत नाहीत.

तसंच ते लेकरू आलं होतं. मुलगी. मुठीएवढी. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, अंगात ऊब धरत नव्हती. तिला काचेच्या पेटीत ठेवली. पेटी गरम राहते. पेटी गार पडली की कंप्युटरला कळतं आणि कंप्युटर घंटा वाजवतो. घंटा वाजली की धावायचं, ही द्रुपदेची नोकरी.

लेकराचं बारसं व्हायचं होतं. तोवर द्रुपदा तिला चिमणे म्हणायची.

“भरदुपारी झालं, महाराज. मी बाजूच्या खोलीत बाटल्या उकळत होते. स्टोचा आवाज, वाफ. पण घंटा ती घंटा. ती भिंत फोडून येते. बाटल्या उकळून झाल्या, कपडे वाळत घातले, परत आले... पेटीचा दिवा गेलेला. लेकरू निळं पडलेलं.”

तिनं महाराजांच्या डोळ्यांत पाहिलं.

“घंटा वाजली नाही.”

महाराजांनी विचारलं, “मग त्यांनी का मानलं नाही?”

“तुमच्या अंबादासामुळं. त्यानं कंप्युटर उघडून दाखवला सगळ्यांना. म्हणाला, हे बघा, इथं लिहिलंय. घंटा वाजवली. यंत्र कशाला खोटं बोलेल, मावशी?”

मग तिनं ओट्याच्या डाव्या अंगाला हात केला. तिथं मठाचा काळा फळा टांगलेला आहे. वर सुविचार, मध्ये प्रसादाची वेळ, आणि खाली खडूनं, अंबादासाच्या ठसठशीत अक्षरात:

बालकक्षात कामात हलगर्जी केल्यावरून द्रुपदा किसन हिवाळे यांना सेवेतून कमी केले आहे.

“पूर्ण नाव लिहिलंय. माझ्या मेलेल्या नवऱ्यालाही फळ्यावर चढवलं. त्यानं काय केलं होतं? आता गावात मी रस्त्यानं निघाले की बाया लेकरं पदराखाली घेतात. मला नोकरी नको, महाराज. हे नाव पुसून पाहिजे. आणि ज्याची हलगर्जी आहे त्याचं तिथं पाहिजे.”

महाराज फळ्याकडे बघत राहिले.

“अंबादासाला बोलवा,” ते म्हणाले.

अंबादास आला तो लॅपटॉप काखेत मारूनच. उंच, गोरा, पांढरं धोतर, पायात वहाण नाही. दवाखान्यात त्याला कंप्युटर महाराज म्हणतात. त्याला ते आवडत नाही असं तो म्हणतो.

अंबादासही त्याच पाळण्यातला.

महाराजांनी त्याला वाढवला. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मास्तर म्हणाले, बापाचं नाव काय लावू? संन्याशानं घर टाकलं की नावही टाकायचं असतं. ते मेलं असं समजायचं. स्वतः घ्यायचं नाही, दुसऱ्यानं घ्यायचं नाही. महाराजांनी त्या दिवशी काय केलं, तर आपलं टाकलेलं नाव आणि आडनाव पोराच्या मागं लावून दिलं. त्या नावावर पोरगा शाळा शिकला, पुण्याला इंजिनेर झाला. मठात परतला तसा नुसता अंबादास राहिला. मागचं नाव पुन्हा मेलं.

“मावशी, परत तेच?” तो म्हणाला. आवाज मऊ होता. मऊ आवाजानं माणूस जास्त जळतं. “मी तुमच्यावर राग धरलेला नाही. दमला असाल. झोप कुणालाही येते.”

“तुझ्या दयेवर थुंकते मी,” द्रुपदा म्हणाली. “लहानपणी तुझं नाक पुसलंय ह्या पदरानं. मला शहाणपण शिकवू नको.”

महाराजांनी हात वर केला. दोघं गप्प झाली.

“अंबादासा. घंटा वाजली असं कुणी लिहिलं?”

“यंत्रानं, महाराज.”

“ऐकली कुणी?”

“यंत्रानं नोंदवलीय. वेळेसकट.”

“यंत्राला कान आहेत?”

अंबादास हसला. “कान नाहीत, महाराज. पण हुकूम पाळला की ते लिहून ठेवतं.”

“हुकूम पाळला हे लिहितं, की हुकूम सोडला हे?”

अंबादासाचं हसू गेलं.

“आता वाजव.”

“आता?”

“पेटी रिकामी आहे. कुणाची झोपमोड होणार नाही.”

अंबादास ओट्याच्या कडेला बसला. लॅपटॉप मांडीवर घेतला. इथं बसून तो खाली वॉर्डातल्या कंप्युटरला हुकूम सोडू शकतो. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. खडूनं लिहावं तशी. त्यानं एक ओळ लिहिली.

“सोडला हुकूम.”

दवाखाना खाली हाकेच्या अंतरावर. घंटा वाजली की टेकडीवरची वानरंसुद्धा दचकतात, हे मठात सगळ्यांना ठाऊक.

वानरं झाडावर गप्प बसून होती.

“काय लिहितंय?” महाराजांनी विचारलं.

अंबादासानं पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“घंटा वाजवली... असं लिहितंय.”

द्रुपदा आली तेव्हापासून उभी होती. इतके दिवस तोंडात आग घेऊन हिंडली. आता ती तिथंच जमिनीवर बसली.

“पुन्हा,” महाराज म्हणाले.

अंबादासानं पुन्हा सोडला. पुन्हा तीच ओळ. पुन्हा तीच शांतता.

त्याची बोटं आता भराभर चालायला लागली. “हे व्हायला नको. आधी वाजत होती. मी स्वतः बसवलीय. आधी...”

“आधी आणि आता, ह्याच्या मध्ये काय झालं?”

“काही नाही, महाराज.”

“भजन बंद झालं,” द्रुपदा खालूनच म्हणाली.

“काय?”

“सकाळी त्या कंप्युटरवर भजन लागायचं. लेकरू जायच्या आधी, त्याच आठवड्यात, एके दिवशी लागलंच नाही. मी सिस्टरला म्हटलं, आज देव रुसला का? ती म्हणाली, अंबादासदादानं साफसफाई केलीय.”

अंबादासाचे हात कीबोर्डावर तसेच राहिले.

“भजनाचं मी काढलं,” तो म्हणाला. “ते वाजवणारं पॅकेज. लेकरांच्या वॉर्डात नको होतं, उगाच जागा खात होतं. पण त्याचा घंटेशी काय संबंध?”

“पॅकेज म्हणजे?”

“सामानाचं गाठोडं समजा. यंत्राला एखादं काम शिकवायचं तर त्याचं गाठोडं आत घालायचं. इन्स्टॉल असं लिहिलं की येऊन बसतं. रिमूव्ह लिहिलं की जातं. एका ओळीचं काम.”

“एकटंच येतं?”

“नाही. एकाला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. आपण एक मागायचं, बाकीची त्याच्यासोबत आपोआप येतात. यंत्र खूण करून ठेवतं. हे माणसानं मागून घेतलेलं, हे नुसतं सोबत आलेलं.”

“आणि ज्याच्यासोबत आलं ते गेलं तर?”

“तर सोबत आलेलं मागं उरतं. आत कुणाला त्याची गरज नसते. आमच्यात त्याला...”

तो अडखळला.

“तुमच्यात त्याला काय?”

“अनाथ म्हणतात, महाराज.”

वाऱ्यानं फळ्याच्या कडेला बांधलेली दोरी हलली. खालून बंबात लाकडं टाकल्याचा आवाज आला.

“त्या अनाथांचं काय करता?”

“तेही काढून टाकायचा हुकूम असतो. सगळे एकदम. ऑटोरिमूव्ह.”

“दिलास?”

“दिला.” मग, जरा ताठ होऊन, “आपणच सांगता ना, महाराज. जे लागत नाही ते ठेवू नये. दर एकादशीला सांगता. मी यंत्रालाही तेच लावलं.”

द्रुपदेनं पाहिलं, महाराजांचा अंगठा तर्जनीवर घासत होता. जपमाळ हातात नव्हती.

“बघ,” ते म्हणाले. “त्या गाठोड्यांमध्ये काय गेलं ते बघ.”

अंबादासानं शोधलं. पडद्यावर नावं आली. तो ओठांतल्या ओठांत वाचत गेला आणि एका ठिकाणी थांबला.

“आवाजाचं पॅकेज,” तो म्हणाला. “आवाज बाहेर काढणारं. ते भजनासोबत आलं होतं. घंटा तेच वापरत होती. पण घंटेचा प्रोग्राम मी हातानं लिहिलेला, त्याला आवाज लागतो हे मी यंत्राला कधी सांगितलंच नाही... सांगायला लागतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. भजन गेलं तसं यंत्राला वाटलं, आवाज आता कुणालाच नको.”

“यंत्राच्या आत कुणालाच नको होता.”

“हो.”

“आणि बाहेर?”

अंबादासानं मान वर केली नाही.

“बाहेर एका बाईला पाहिजे होता,” द्रुपदा म्हणाली. “आणि एका लेकराला. त्यांना कोण विचारतंय?”

“काढायच्या आधी यंत्रानं तुला विचारलं नाही?” महाराज म्हणाले.

“विचारतं. नावं दाखवतं आणि म्हणतं, ह्यांची आता गरज उरलेली नाही, पुढं जाऊ का? हो की नाही?”

“तू काय म्हणालास?”

“मी... मला विचारलं नाही त्यानं.”

“आत्ता म्हणालास विचारतं.”

“हुकमाच्या ओळीत एक अक्षर लावलं की विचारत नाही, महाराज. वाय. यसमधला वाय. म्हणजे जे काही विचारशील त्याला माझं आधीच हो आहे असं समज. सगळेच लावतात. दर वेळी वाचत कोण बसणार?”

“प्रश्न यायच्या आधीच हो?”

“हो.”

तो शब्द तोंडातून गेला आणि अंबादासाला तो ऐकू आला. त्याचा चेहरा पांढरा पडला, धोतरासारखा.

“लेकराला कुणी मागून घेतलं नव्हतं,” द्रुपदा म्हणाली. कुणाकडे बघून म्हणाली नाही. “सोबत कुणी नव्हतं. तुझ्या पडद्यावर असती तर तीही त्याच यादीत गेली असती.”

“मावशी...”

“तूसुद्धा.”

अंबादास अचानक लॅपटॉपवर वाकला. “पुन्हा घालतो. आत्ता घालतो. महाराज, काढलेलं पुन्हा घालता येतं. जसंच्या तसं. एका ओळीचं काम आहे.”

“लेकरू घाल,” द्रुपदा म्हणाली.

त्याची बोटं थांबली. मग पुन्हा चालायला लागली, कारण दुसरं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. पडद्यावर ओळी सरसर वर गेल्या. ह्या वेळी यंत्रानं विचारलं. त्यानं ओठ हलवत प्रत्येक नाव वाचलं आणि मगच उत्तर दिलं.

“बसलं,” तो म्हणाला. “आता वाजवतो.”

त्यानं हुकूम सोडला.

खाली घंटा वाजली.

वानरं उड्या टाकत पळाली. ओट्यावरचं तांब्यातलं पाणी थरथरलं. महाराज, अंबादास, दोघं जागच्या जागी दचकले.

आणि द्रुपदा जागेवर नव्हती.

तिला कामावरून काढलं होतं. घंटा खोटी आहे, पेटी रिकामी आहे, हे तिला ठाऊक होतं. तरी ती पायऱ्या उतरत धावत होती. लुगड्याचा काष्टा एका हातात, चपला वरच राहिलेल्या. मधल्या वळणावर घसरली, गुडघ्यावर आपटली, उठली आणि पुन्हा धावली. वॉर्डाच्या दारात शिरेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही.

सिस्टर तिच्यानंतर बाहेर आली. हातातलं वर्तमानपत्र घडी करत.

अंबादासानं घंटा बंद केली. पण त्यानं जे पाहायचं ते पाहिलं होतं.

“झोपणारी बाई अशी धावत नाही,” तो स्वतःशीच म्हणाला.

महाराजांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पायऱ्यांकडे बघत होते.

द्रुपदा परत वर आली तेव्हा धापा टाकत होती. गुडघ्याशी लुगडं रक्तानं ओलं झालेलं. ओट्याशी आली, खांबाला धरून उभी राहिली.

“पेटी रिकामी आहे,” ती म्हणाली. “आहे ठाऊक मला. पाय ऐकत नाहीत.”

अंबादास उठला आणि तिच्या पायांकडे वाकला. तिनं पाय मागं घेतले.

“माझ्या पाया पडून स्वस्तात सुटू नको. फळ्याकडे बघ.”

महाराज उठले. म्हाताऱ्या माणसाला उठायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला, कुणी हात दिला नाही. ते फळ्याशी गेले. सुविचाराला त्यांनी हात लावला नाही. प्रसादाच्या वेळेला लावला नाही. खालच्या ओळीतलं नाव मात्र उघड्या तळव्यानं पुसलं. सावकाश. आधी हिवाळे गेलं, मग किसन, मग द्रुपदा. खडूची पांढरी पूड त्यांच्या भगव्या छाटीवर सांडली.

हलगर्जी हा शब्द त्यांनी तसाच ठेवला.

कोनाड्यातला खडू घेऊन त्यांनी तो अंबादासापुढं धरला.

“काय लिहू?”

“मोकळी जागा दिसते ना?”

अंबादास फळ्याशी गेला. पडद्यावर हुकूम सोडणारा हात. पण खडू सावकाश चालला. शाळेतल्या पोरासारखं त्यानं एकेक अक्षर काढलं.

अंबादास.

खडू खाली ठेवला.

“झालं?” महाराज म्हणाले.

“हो, महाराज.”

“विचारायच्या आधीच हो म्हणू नको. वाच.”

त्यानं वाचलं. “बालकक्षात कामात हलगर्जी केल्यावरून अंबादास...”

“द्रुपदेचं किती लिहिलं होतंस?”

“पूर्ण लिहिलं होतं,” द्रुपदा म्हणाली. “नवऱ्यासकट. त्यानं तर आयुष्यात कंप्युटर पाहिला नव्हता.”

“महाराज, मठात माझं नाव एवढंच आहे.”

“शाळेत?”

“ते नाव...” अंबादासानं वर सुविचाराकडे पाहिलं. सुविचार महाराजांचाच होता, गेल्या एकादशीचा. जे लागत नाही ते ठेवू नये. “ते नाव घेता येत नाही, महाराज. आपण ते टाकलंय. ते पुन्हा घ्यायचं नसतं. लोक वाचतील. सगळा गाव वाचेल. दोष माझा आहे, तुमचं कशाला?”

महाराज ओट्याच्या कडेला बसले. जिथं मघाशी अंबादास बसला होता, तिथंच. खाली दवाखान्याच्या फाटकाशी पाळणा दिसत होता. रिकामा. वाऱ्यानं हलत.

“काढलेलं पुन्हा घालता येतं म्हणालास ना? खडू उचल.”

अंबादासानं खडू उचलला. हात फळ्यावर टेकवला. पण लिहीना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला ह्या वेळी द्रुपदेनं पदर पुढं केला नाही.

“कळत नसेल तर मी सांगतो, तू लिही,” महाराज म्हणाले.

आणि संन्यास घेतल्यापासून, त्या एका शाळेच्या दिवसाखेरीज, जे नाव त्यांच्या ओठांवर आलं नव्हतं, ते त्यांनी टेकडीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात उच्चारलं.

“अंबादास त्रिंबक गव्हाणे.”